गॅपचं अ‍ॅफिडेव्हिट

"आधी डिग्री हातात घे, मग जा कुठे जायचं तिकडे समाजसेवा करायला." हे वाक्य आपल्याकडे इतक्या शहाण्या चेहऱ्याने बोललं जातं की समोरचा गप्पच बसतो. मला ते पटत नाही. आज रविवार आहे, तेव्हा जरा सविस्तर भांडतो. :)

निमित्त माझ्या भाचीचं. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, जर्मन शिकते. जर्मनीत एक वर्ष अपंग मुलांच्या शाळेत काम करायची तिची इच्छा आहे. घरी अर्थातच रणधुमाळी!

जर्मन सरकारची 'वेल्टवेर्ट्स' नावाची योजना आहे, २००८ साली सुरू झालेली. १८ ते २८ वयाची मुलं आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेत साधारण वर्षभर राहून काम करतात. २०१३ पासून हीच वाट उलट दिशेनेही खुली झाली, म्हणजे आपल्याकडची मुलंही तिकडे जाऊ शकतात. राहणं, जेवण, विमा, वर थोडा हातखर्च. वाट एकच, पण परतल्यावर काय होतं ते बघा.

जर्मन मुलाला सेवेला जाण्याआधी किंवा सेवेत असताना मेडिकलची जागा मिळाली असेल, तर परत आल्यावर त्याने पुन्हा अर्ज करायचा आणि त्याला इतरांच्या आधी प्रवेश मिळतो. तसा नियमच आहे. आपल्याकडे? सीईटीचे मार्क त्या वर्षापुरते. पुढच्या वर्षी प्रवेश हवा तर स्टँप पेपरवर 'गॅप'चं अ‍ॅफिडेव्हिट करा, नोटरीचा शिक्का आणा, मधल्या काळात मी दुसरीकडे कुठेही प्रवेश घेतलेला नाही असं शपथेवर सांगा. एखादा गुन्हा कबूल केल्यासारखं!

म्हणजे धाडस दोघांचं सारखंच. फरक एवढाच की एकाची खुर्ची कोणीतरी धरून ठेवली आहे. 'समतोल कसा साधायचा' यावर मुलांना लेक्चर देणाऱ्यांना हे दिसतच नाही. समतोल मुलांनी साधायची गोष्टच नाही ही. ब्रँच काढायला परवानगी दिलीत तर मर्ज करायची सोयही तुम्हीच द्यायला हवी ना!

यूटामधलं ब्रिगहॅम यंग विद्यापीठ घ्या. मॉर्मन मुलं अठराव्या वर्षानंतर दोन-दोन वर्षं धर्मप्रसाराला जातात. धर्मप्रसार मला अजिबात रुचत नाही, तो भाग सोडा. पण प्रवेश पुढे ढकलता येतो, कित्येक मुलं एक वर्ष कॉलेज करून मग जातात आणि परत येऊन वर्गात बसतात. प्रिन्स्टनने तर २००९ पासून निवडक मुलांना पहिल्या वर्षाच्या आधीच नऊ महिने परदेशी पाठवायला सुरुवात केली. सुरुवातीच्या ठिकाणांत आपलं वाराणसीही होतं.

"ते श्रीमंत देश, त्यांना परवडतं." असं म्हणणाऱ्यांना माझा साधा प्रश्न: जागा धरून ठेवायला पैसे किती लागतात हो? महाराष्ट्रात इंजिनियरिंगच्या ढिगाने जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या आहेत. त्यातली एक वर्षभर राखून ठेवली तर कोणाचं घर बुडणार आहे?

आता दुसऱ्या बाजूचा खरा मुद्दा, कारण तो खरा आहे. अठरा वर्षांच्या पोराला येतं काय? लिलियन कार्टर (हो, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची आई) १९६६ साली पीस कोअरतर्फे मुंबईत विक्रोळीला आल्या तेव्हा त्या ६८ वर्षांच्या होत्या, आणि मुळात शिकलेल्या नर्स होत्या. दवाखान्याला त्यांचा उपयोग होता. पीस कोअरची मुदत २७ महिन्यांची आणि बहुतेक कामांना पदवी लागते, ते उगाच नाही. दोन आठवडे अनाथाश्रमात जाऊन फोटो काढून येणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. मुलांना लळा लावायचा आणि विमान पकडायचं. असो.

पण म्हणून 'आधी डिग्री' हे उत्तर होत नाही. डिग्रीनंतर नोकरी, नोकरीनंतर होम लोन, मग लग्न. 'मग' म्हणणाऱ्यांपैकी गेलेला एकही माणूस माझ्या ओळखीत नाही. अठरा-वीसच्या मुलाने वर्षभर दुसऱ्याच्या भाषेत मुलांना भरवणं, कपडे बदलणं, ओरडा खाणं याला सेवा म्हणू नका हवं तर. शिक्षण म्हणा. मग तर ते कॉलेजात मोजलंच पाहिजे.

कागदावर आपल्याकडेही सोय झाली आहे. २०२० चं नवं शैक्षणिक धोरण, २०२१ मध्ये यूजीसीने आणलेली अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, जमा क्रेडिट्स सात वर्षांपर्यंत टिकतात. म्हणून भाचीला सांगितलं, की टर्म अर्धवट सोडू नकोस. वर्ष पूर्ण कर, क्रेडिट्स जमा झालेत का ते बघ, परत घेणार असल्याचं कॉलेजकडून लेखी घे, आणि मगच बॅग भर. ती म्हणाली, "मामा, कॉलेजचं ठीक आहे, पण प्लेसमेंटचं काय?"

तिथे मात्र गोची आहे. कॅम्पसला येणाऱ्या कित्येक कंपन्यांची अट असते, शिक्षणात अमुक वर्षांपेक्षा जास्त गॅप नको. आमच्याही फॉर्मवर तो रकाना आहे. आकडा भरता येतो, कारण लिहायला जागाच नाही. आजारपण, नापास, जर्मनीतली शाळा, सगळं एकाच चाळणीत, आणि चाळणी लावतो प्रोग्रॅम. जिवंत माणसाच्या नजरेला तो अर्ज पडतच नाही. कारणाचा एक टेक्स्ट बॉक्स टाकायला अर्धा दिवस पुरेल. पुढच्या महिन्यात फ्रेशर्सच्या भरतीची मीटिंग आहे, तिथे मी हा विषय काढणार आहे. एचआरवाले काय म्हणतात ते कळवतोच.