विश्लेषण : लाल वर्तुळाबाहेर पडूनही खेळाडू का ‘मरतो’?

मोबाइलवर ऑनलाइन गेम खेळणारा मुलगा जळकोटचा असो की पुण्याचा, त्याची एक तक्रार ठरलेली असते : ‘मी तर बाहेर पडलो होतो!’ घरच्यांना ते हरल्यावरचे निमित्त वाटते. पण अनेकदा ते खरे असते. दोष बोटांचा नसतो, अंतराचा असतो.

एरिया अटॅक म्हणजे काय?

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये खेळाडू गट करून मोठ्या शत्रूशी, म्हणजे ‘बॉस’शी लढतात. बॉस एकाला मारतो तसा कधी जमिनीच्या एका भागावरही मारा करतो. त्या भागात जो उभा, त्याला फटका. तत्पूर्वी जमिनीवर लाल किंवा नारिंगी गोल, पट्टा किंवा पंख्याचा आकार उमटतो. ‘फायनल फँटसी १४’मध्ये ही खूण सतत दिसते. या खुणेत एक करार असतो : आधी इशारा, मग हलायला वेळ आणि तरीही न हलल्यास शिक्षा.

इशारा नसला तर?

१३ सप्टेंबर २००५ रोजी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये हक्कर या बॉसचा रक्तदोषाचा शाप त्याच्या लढाईपुरता ठेवलेला असूनही खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांमार्फत शहरांत पोहोचला आणि साथीसारखा पसरला. नवख्या खेळाडूंना सावध व्हायलाही वेळ मिळाला नाही. शेवटी कंपनीला सर्व्हर पूर्ववत करावे लागले. २००७ मध्ये एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन यांनी या घटनेवर ‘द लॅन्सेट इन्फेक्शिअस डिसीजेस’मध्ये शोधनिबंध लिहिला.

करार कुठे मोडतो?

खेळाडू कुठे उभा आहे, याचा निकाल अशा गेममध्ये बहुधा सर्व्हर देतो. पिंग २०० मिलिसेकंद असेल, तर खूण पडद्यावर दिसायला साधारण १००, माणसाला प्रतिसाद द्यायला २५० आणि ‘मी हललो’ हे सर्व्हरला कळायला आणखी १०० मिलिसेकंद लागतात. एका सेकंदाच्या इशाऱ्यातले ४५० मिलिसेकंद असेच जातात. पिंग ४० असलेल्या खेळाडूचे केवळ २९० जातात. खूण तीच, कौशल्य तेच, पण एकाला ५५० मिलिसेकंद मिळतात आणि दुसऱ्याला ७१०.

वेगवान फोन घेतला तरी हे अंतर मिटत नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर हे सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन किमान ३९ मिलिसेकंद लागणारच. त्यात गावातल्या टॉवरवरची संध्याकाळची गर्दी वेगळी. ‘फायनल फँटसी १४’चे सर्व्हर जपान, उत्तर अमेरिका, युरोप आणि ओशनियात आहेत, भारतात नाहीत.

मग काय करायला हवे?

गोळीबाराच्या गेममध्ये सर्व्हर काळ थोडा मागे नेऊन खेळाडूला सवलत देतो. तिथे एकाची सवलत दुसऱ्याच्या जिवावर येते. बॉसच्या लढाईत मात्र समोर यंत्र असते. खेळाडूच्या पिंगइतकी मुभा दिली, तर कुणाचेच नुकसान होत नाही. फसवणुकीची भीती रास्त आहे, पण मुभेला २०० मिलिसेकंदांची मर्यादा घालून ती बरीच आवरता येते. जिथे इतकेही करायचे नसेल, तिथे इशाऱ्याचा वेळ वाढवावा.

भारतीय खेळाडूंकडून पैसे घेणाऱ्या कंपन्यांनी मुंबईत सर्व्हर ठेवणे किंवा ही मुभा देणे, यांपैकी एक तरी केलेच पाहिजे. गटात ‘हा नेहमी मरतो’ म्हणून बाहेर काढला जाणारा मुलगा कच्चाच असेल असे नाही. तोवर त्याने खूण दिसताच कडेला न थांबता चार पावले पुढे जावे आणि गटातल्यांनी त्याला दोष देण्यापूर्वी त्याचा पिंग विचारावा.