सूतिकेचा शिरःशूल : नस्यापूर्वी एक प्रश्न

सिझेरियननंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूतिकेचे डोके दुखते, म्हणून नातेवाईक चिकित्सालयात वा औषधालयात येतात, हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचा आहे. ‘बाळंतिणीला वारे लागले’ हे निदान घरच्यांनी आधीच केलेले असते. आपणही वातज शिरःशूल मानून पथ्यादि क्वाथ, गोदंती भस्म किंवा षड्बिंदू तेलाचे नस्य सुचवून मोकळे होतो. या घाईला आमचा आक्षेप आहे. आडवे होताच वेदना शमते काय व उठून बसताच पुन्हा उसळते काय, हे विचारल्यावाचून औषध देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उत्तर होकारार्थी आले, तर कण्यातून दिलेल्या भुलेचा विचार प्रथम करावा. सुईने मज्जारज्जूच्या आवरणास छिद्र पडते. त्यातून द्रव पाझरत राहिला म्हणजे उठून बसल्यावर मेंदूचा आधार कमी होतो आणि वेदनाक्षम आवरणे व सिरा ताणल्या जातात. मान आखडणे, मळमळ, कर्णनाद ही सोबतची लक्षणे. एपिड्युरलमध्ये हे आवरण भेदावयाचे नसते. परंतु जाड सुई चुकून आत गेल्यास निम्म्याहून अधिक रुग्णांना हा शूल होतो. १८९८ साली जर्मन शल्यविद ऑगस्ट बिअर यांनी स्वतःवरच हा प्रयोग करवून घेतला. सिरिंज सुईला न बसल्याने बराच द्रव वाहून गेला व पुढे कित्येक दिवस त्यांना अंथरुणावर काढावे लागले. आडवे झाल्यावर बरे वाटते, ही नोंद त्यांचीच.

बहुसंख्य रुग्णांत एक-दोन आठवड्यांत हा शूल आपोआप शमतो. म्हणूनच आपल्या औषधाला फुकटचे श्रेय मिळते, हेही मान्य करावयास हवे. वेदना तीव्र असल्यास भूलतज्ज्ञ रुग्णेचेच सुमारे २० मिलि रक्त आवरणाबाहेरील पोकळीत सोडतात. अनेकदा काही तासांतच आराम पडतो. हा उपाय उपलब्ध असता तिला क्वाथावर खिळवून ठेवणे आम्हास न्याय्य वाटत नाही. मलावष्टंभ होऊ न देणे, कुंथावे लागू न देणे, द्रवप्राय आहार व विश्रांती, एवढे आपले क्षेत्र. आणि ते लहान नाही.

नस्याविषयी तर शास्त्राज्ञाच आहे. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील विसाव्या अध्यायात वाग्भटांनी नस्यास अयोग्य व्यक्तींमध्ये सूतिकेची आणि रक्तस्राव झालेल्यांची गणना केली आहे. सिझेरियन झालेली स्त्री दोहोंत मोडते.

शूल आडवे असतानाही टिकू लागला, किंवा जोडीला ज्वर, आक्षेप, दृष्टिमांद्य, वाढलेला रक्तदाब, हातापायांत दौर्बल्य यांपैकी काहीही दिसले, तर प्रश्न केवळ सुईचा राहत नाही. मस्तिष्कावरणशोथ, प्रसूत्युत्तर आक्षेपक, मेंदूच्या सिरांतील रक्ताची गुठळी वा कवटीतील रक्तस्राव यांची शक्यता असते; अशा रुग्णेस तत्काळ रुग्णालयात धाडावे. सूतिकावस्थेत गुठळीचे भय अधिक असते, हे ध्यानी असावे.

औषधालयचालकांपुढे रुग्णा बहुधा नसतेच. पती किंवा सासूबाई येतात. त्यांच्याकडे डिस्चार्ज कार्ड मागावे. त्यावर भुलेचा प्रकार लिहिलेला नसल्यास ‘पाठीत इंजेक्शन दिले होते का?’ असे विचारावे, आणि होकार आल्यास पुडी न बांधता त्याच रुग्णालयातील भूलतज्ज्ञांकडे पाठवावे.