मृदू प्रवाळांतील औषध आणि मालकीचा प्रश्न

खडकाला चिकटून जगणाऱ्या मृदू प्रवाळाला शत्रूपासून पळता येत नाही आणि टणक कवचाआड दडताही येत नाही. मासे व सूक्ष्मजीव यांच्यापासून बचाव करण्यासाठी ते रसायनांवर विसंबून असते. त्यांतील काही रसायने विषाणूंनाही रोखतात, हे संशोधकांना बऱ्याच वर्षांपासून ठाऊक आहे. फिलिपाईन्सच्या समुद्रातील लोबोफायटम या प्रवाळात एचआयव्हीला अटकाव करणारी संयुगे सापडल्याचे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील संशोधकांनी २००० साली नोंदवले. तरीही मृदू प्रवाळापासून मिळालेले एकही विषाणुरोधक औषध आजवर बाजारात आलेले नाही.

परीक्षानळीतील परिणाम आणि रुग्णाच्या हाती पडणारी गोळी यांतील अंतर मोठे असते. अनेक संयुगांचा परिणाम मध्यमच ठरतो, काही निरोगी पेशींनाही घातक असतात. त्यात पुरवठ्याची अडचण येते. प्रवाळातून संयुग अत्यल्प मिळते आणि चाचण्यांसाठी प्रवाळभित्ती ओरबाडणे परवडणारे नाही. समुद्री स्पंजांच्या बाबतीत वाट निघाली होती. वर्नर बर्गमन यांना १९५०च्या सुमारास कॅरिबियन स्पंजात वेगळ्या घडणीची न्यूक्लिओसाइडे आढळली. त्यांच्या धर्तीवर बनवलेल्या विडाराबिन या नागीणरोधक औषधाला अमेरिकेत १९७६ मध्ये मान्यता मिळाली. प्रवाळांतील रेणू मात्र इतके गुंतागुंतीचे असतात की प्रयोगशाळेत ते मोठ्या प्रमाणावर घडवणे खर्चिक ठरते.

२०२२ साली या चित्रात बदल झाला. इल्युथेरोबिन या कर्करोगरोधक संयुगाचा माग काढताना अमेरिकेतील दोन संशोधक गटांना असे आढळले, की अशा संयुगांचा पाया रचणारी जनुके खुद्द प्रवाळाच्याच डीएनएमध्ये आहेत. ती जिवाणूत घालून संयुगनिर्मितीची पहिली पायरी प्रयोगशाळेत गाठता आली. याच मार्गाने विषाणुरोधक संयुगेही मिळू शकली, तर प्रवाळ तोडण्याची गरज उरणार नाही.

परंतु मालकीचा प्रश्न येथेच उभा राहतो. २०१०च्या नागोया कराराने जैविक संपत्तीच्या लाभातील मूळ देशाचा वाटा मान्य केला, तो मुख्यतः प्रत्यक्ष नमुना गृहीत धरून. जनुकक्रम संगणकीय संचातून जगात कोठेही वाचता येतो. त्यासाठी कोणाच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवावे लागत नाही. ही पळवाट बुजवण्यासाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅली निधी सुरू झाला. अशा माहितीचा लाभ घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा १ टक्का किंवा महसुलाचा ०.१ टक्का त्यात द्यावा, अशी अपेक्षा आहे. हे योगदान ऐच्छिक आहे आणि ऐच्छिक कराराचा भार सहसा सर्वांत दुबळ्याच्या खांद्यावर पडतो.

गोव्यासाठी हा विषय परका नाही. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे मुख्यालय दोना पावला येथे आहे, राज्यात औषधनिर्मितीचे कारखाने आहेत आणि ग्रांद बेटाजवळ प्रवाळही आहेत. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या ४,०७७ कोटी रुपयांच्या खोल समुद्र मोहिमेत सागरी जीवशास्त्राला स्थान आहे. त्यातील थोडा निधी तरी भारतीय किनाऱ्यावरील प्रवाळांची रसायने व जनुकक्रम यांची सविस्तर, उगमस्थानासह नोंद ठेवण्यासाठी लागला पाहिजे. नोंदच नसेल, तर उद्या वाटा मागायचा कशाच्या आधारावर?

वेळही हातात फार नाही. समुद्र तापल्याने प्रवाळांचे विरंजन जगभर पसरल्याचे अमेरिकी यंत्रणेने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले. विरंजनाची ही चौथी जागतिक लाट होती. जे प्रवाळ नोंद होण्याआधीच मरेल, त्याचे औषधही त्याच्यासोबत जाईल.