पान्ह्याची सुई : दवाखान्यात औषध, गोठ्यात गुन्हा

मुरुड – रेडकू दगावले की म्हैस पान्हा चोरते. मग ‘एक सुई मारा, लगेच मोकळी होते’ असा सल्ला देणारा कोणीतरी भेटतोच. मुरुडपासून नांदेडपर्यंत दुभते जनावर बाळगणाऱ्याला हे बोलणे नवे नाही. पण या सुईपायी जनावरच हातचे जाऊ शकते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

सुईत असते ते ऑक्सिटोसिन. पेप्टाइड जातीचे हे संप्रेरक. वासरू सडाला तोंड लावते तेव्हा गाईच्या अंगात ते आपोआप सुटते आणि दूध खाली उतरते. सुईने दूध वाढत नाही. कासेत आहे तेवढेच मोकळे होते. रोज टोचत गेले तर जनावराला सवय लागते, मग सुईवाचून धार निघत नाही.

औषधांचा कायदा केंद्राचा, १९४० सालचा. दुकानांचे परवाने आणि तपासणी मात्र राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे. हे औषध चिठ्ठीवाचून विकता येत नाही. जानेवारी २०१४ च्या केंद्राच्या आदेशाने जनावरांसाठीचे ऑक्सिटोसिन फक्त पशुवैद्यकीय दवाखान्यांनाच विकायचे ठरले. विनापरवाना औषध विकणाऱ्याला तीन ते पाच वर्षे कैद आणि किमान एक लाख रुपये दंड आहे.

विकणारा सापडला म्हणून मालक सुटत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम १२ पाहा. दूध काढण्यासाठी प्रकृतीला अपायकारक सुई टोचणारा आणि आपल्या जनावराला ती टोचू देणारा, दोघेही दोषी. दंड हजार रुपयांपर्यंत, कैद दोन वर्षांपर्यंत, शिवाय जनावर सरकारजमा. हजाराचा दंड एकवेळ भरता येईल, म्हैस कुठून आणायची?

मग औषधच का बंद करीत नाहीत? तसा प्रयत्न झाला. एप्रिल २०१८ मध्ये केंद्राने देशात विकायचे ऑक्सिटोसिन खासगी कारखान्यांनी बनवू नये, फक्त कर्नाटकातील एका सरकारी कंपनीने बनवावे, असे ठरविले. पण बाळंतपणातला रक्तस्राव थांबवायला हेच औषध लागते. त्याचा तुटवडा पडला तर बायकांच्या जिवावर बेतेल. दिल्ली उच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१८ रोजी ही बंदी रद्द केली. केंद्र सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला. बंदी उठली म्हणून गोठ्यात मोकळीक मिळाली, असे मात्र कोणी समजू नये. २०२४ मध्ये त्याच उच्च न्यायालयाने दुभत्या जनावरांना ही सुई टोचणे म्हणजे क्रूरताच, असे स्पष्ट सांगितले.

अशा दुधाने मुले बिघडतात, अशीही चर्चा असते. हे पेप्टाइड पोटात पचून जाते. खरा धोका बिनलेबलच्या बाटलीचा. आत काय, किती कडक, किती स्वच्छ, कोणी सांगावे?

जनावर अडले, पान्हा येईना, तर पशुवैद्यकाला बोलवा. गरज असेल तर तो मात्रा ठरवून देईल आणि नोंदही ठेवील. एरवी धारेची वेळ आणि माणूस बदलू नका, कास कोमट पाण्याने धुवा, समोर आंबोण ठेवा. सरपंच, पोलीस पाटलांनीही गावात अशी बाटली दिसली तर अन्न व औषध प्रशासनाला कळवावे. कारवाई झालीच तर बाटली विकणारा पळून जातो, दावणीची म्हैस पळत नाही.