पगारापलीकडचा पगार

तंजावूरवर 1855 पर्यंत भोसल्यांचे राज्य होते. त्या काळी दक्षिणेत एखाद्याला ‘सर्वमान्य’ जमीन इनाम मिळाली, की तिच्यावर सारा नसे. पिकलेले भात थेट कोठारात! आजच्या नोकरदाराला कोणी भातशेत देत नाही. पण घर, प्रवास, निवृत्तिवेतन अशा सोयी मिळतात, आणि ‘यांवर कर किती?’ हा प्रश्न मात्र जुनाच आहे.

मध्यंतरी सरकारने हा कर मालकावरच बसवून पाहिला. 2005 मध्ये आलेला तो ‘फ्रिंज बेनिफिट टॅक्स’ 2009 मध्ये रद्द झाला, आणि सवलतींचा हिशेब पुन्हा कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात आला.

समजा, पुण्याच्या एका खासगी कंपनीतील अधिकाऱ्याची तंजावूरला बदली झाली. वार्षिक पगार 16 लाख, घराचे भाडे महिना 20 हजार. कंपनी विचारते, भाड्याचे पैसे रोख हवेत की घरच हवे? बहुतेकजण ‘रोख द्या’ म्हणून मोकळे होतात. नव्या करपद्धतीत घरभाडे भत्त्याला सूट नाही, त्यामुळे वर्षाचे 2 लाख 40 हजार पूर्ण करपात्र ठरतात. कंपनीने तेच घर भाड्याने घेऊन दिले, तर सप्टेंबर 2023 पासूनच्या नियमाप्रमाणे पगाराच्या 10 टक्के किंवा प्रत्यक्ष भाडे, यांतील कमी रक्कम धरली जाते. म्हणजे 1 लाख 60 हजार. आणि घर कंपनीच्या मालकीचे असेल, तर गावाची लोकसंख्या पाहतात. 2011 च्या जनगणनेत 40 लाखांहून मोठ्या चेन्नईला 10 टक्के, पुण्याला साडेसात, तंजावूरसारख्या 15 लाखांच्या आतील गावाला अवघे 5 टक्के. म्हणजे फक्त 80 हजार! 2025-26 च्या दरांनी, रोख भत्त्याच्या तुलनेत भाड्याच्या घरात 16,640 रुपये आणि कंपनीच्या घरात 33,280 रुपये कर वाचतो. लहान गावाची बदली नेहमीच तोट्याची नसते.

मात्र 2025-26 मध्ये नव्या पद्धतीत पगाराचे उत्पन्न पावणेतेरा लाखांपर्यंत असणाऱ्याला करच नव्हता. अशांनी या खटाटोपात का पडावे? रोख रक्कम घ्यावी, हे उत्तम.

मालकाने राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत भरलेली रक्कम मूळ पगाराच्या 14 टक्क्यांपर्यंत नव्या पद्धतीतही वजा होते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊकच नसते. पण कर वाचवायच्या नादात मूळ पगारच कमी करून घेणे धोक्याचे. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मूळ पगारावर ठरतात. आजचे चार हजार वाचतात आणि साठाव्या वर्षी लाखाची कात्री लागते. म्हणून पगाराच्या मांडणीचा अर्ज कचेरीत घाईने न भरता घरी आणावा, पत्नीलाही दाखवावा. म्हातारपण दोघांचे असते.

राहिली प्रवास सवलत. ती फक्त जुन्या पद्धतीत, चार वर्षांच्या गटात दोनदा, देशांतर्गत प्रवासापुरती. तंजावूरहून सहकुटुंब पंढरपूरला जाणाऱ्याला तिकिटाच्या खर्चावर सूट मिळेल. धर्मशाळा, जेवण, बडवेआळीतली खरेदी आपल्या खिशातून. तिकिटे मात्र जपून ठेवावीत.