सांगून लिहवण्याची शाळा

कथालेखन हातानेच शिकावे लागते, तोंडाने सांगून दुसऱ्याकडून किंवा यंत्राकडून लिहवून घेणाऱ्या नवशिक्याला गोष्ट सांगता येईल पण कथा लिहिता येणार नाही, असा एक पक्ष अलीकडे मोठ्या आत्मविश्वासाने मांडला जातो. त्याची मांडणी थोडक्यात अशी: लेखणी मंद चालते म्हणून विचाराला लगाम बसतो, जीभ सैल असते म्हणून वाक्य फुगते, मोबाइलवर मराठी बोलून टंकित करण्याची सोय २०१७ पासून हाताशी आल्यामुळे आळशांची फौज साहित्यात घुसली आहे, आणि व्यासांना गणपती लाभला होता, तसा तो सर्वांना लाभत नाही. या मांडणीत विचारापेक्षा स्वतःच्या हस्ताक्षराचे कौतुक अधिक असावे, असा संशय येतो.

गणपतीचा दाखला आधी पाहावा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून ठरवलेल्या पाठात, ही लेखनिकाची कथा मूळ संहितेत नाही, ती परिशिष्टात आहे. तरीही ती घ्यायचीच तर पुरती घ्यावी. लेखणी थांबू द्यायची नाही ही गणपतीची अट प्रतिपक्षाला पाठ आहे, परंतु अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही ही व्यासांची उलट अट त्याला आठवत नाही, आणि प्रस्तुत विषयात महत्त्वाची आहे ती हीच. आळसाच्या आरोपाला एक वाक्य पुरे: रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्स्कीने ‘जुगारी’ ही कादंबरी १८६६ च्या ऑक्टोबरात २६ दिवसांत लघुलेखिकेला सांगून पुरी केली, आणि त्याला आळशी ठरवण्याचे धाडस अद्याप कोणी केलेले नाही.

खरा मुद्दा वाक्याचा आहे आणि तेथे थोडे रेंगाळणे भाग आहे. तोंडचे वाक्य सैल व लांब आणि हातचे वाक्य घट्ट व आखूड, हे समीकरण मराठी गद्याच्या इतिहासात कोठेही जुळत नाही. मराठीचा आद्य गद्यग्रंथ म्हणून गणले जाणारे ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या अनुयायांकडून आठवणी ऐकून ऐकून संकलित केले. ते सांगण्यातून आणि ऐकण्यातून उभे राहिले आहे, आणि त्यातली वाक्ये इतकी आखूड आहेत की दोन-तीन शब्दांत एक क्रिया पुरी होते, लगेच दुसरी सुरू होते, आणि संवाद तर कोण बोलले एवढे सांगून मोकळा होतो. उलट विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या १८७४ साली सुरू झालेल्या ‘निबंधमाले’तील वाक्ये लेखणीची अपत्ये आहेत, आणि त्यांपैकी कित्येक अर्ध्या पानाच्या आत थांबायला तयार नसतात. (प्रस्तुत लेखही हातानेच लिहिलेला आहे, हे वाचकाच्या लक्षात एव्हाना आले असेल.) इंग्रजीतला कादंबरीकार हेन्री जेम्स १८९७ च्या सुमारास मनगट दुखू लागल्यावर टंकलेखकाला मजकूर सांगू लागला आणि त्यानंतर त्याची वाक्ये अधिकच गुंतागुंतीची झाली, हा प्रतिपक्षाचा लाडका पुरावा असतो, तो मान्य करावा, परंतु सांगूनच लिहवलेली ‘जुगारी’ घाईने धावते. एकाच पद्धतीतून दोन विरुद्ध शैली निघत असतील, तर शैलीचे कारण पद्धतीत नाही. ते सांगणाऱ्याच्या स्वभावात आणि समोर ऐकणारा कोण आहे यात आहे. वि. स. खांडेकरांची दृष्टी उत्तरायुष्यात गेली आणि ते सांगून लिहवू लागले, तरी त्यांचे अलंकारप्रेम त्या निमित्ताने जन्मले असे म्हणता येत नाही. ते हातात लेखणी होती तेव्हापासूनचेच होते.

या वादाला भंडारा जिल्ह्यात आणखी एक बाजू आहे. जवाहरनगर ही आयुध निर्माणीची वसाहत. तेथे निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे राहतात आणि आसपासच्या गावांत झाडीबोली, म्हणजे पूर्व विदर्भातील झाडीपट्टीची बोली, नांदते. या बोलीत ‘पाणी’चे ‘पानी’ होते आणि ‘डोळा’चा ‘डोरा’. येथला नवशिका वहीपुढे बसला की त्याचा शाळेत घडलेला हात ‘डोळा’च लिहितो, आणि पात्राच्या तोंडी पाठ्यपुस्तक येऊन बसते, तोच मुलगा तोंडाने सांगू लागला की आजी आजीसारखी बोलते. हाताला शिस्त असते हे प्रतिपक्षाचे म्हणणे अगदी खरे आहे, ती शुद्धलेखनाच्या तासाची शिस्त आहे. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी घरच्यांनी ऐकून टिपून ठेवली नसती तर १९५२ साली त्यांचा संग्रह निघाला नसता, आणि टिपणाऱ्यांनी त्यांची खानदेशी बोली सुधारून घेतली असती तर निघूनही उपयोग झाला नसता.

झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टरला, म्हणजे आडून संवाद पुरवणाऱ्याला, मोठा मान असतो. तेथे कागद एकाकडे आणि आवाज दुसऱ्याकडे असतो, तरी नटाला नट न मानण्याचे कोणाला सुचत नाही.

येथे एक जुना तंटा आठवल्यावाचून राहत नाही. व्यासपीठावरून कथा सांगण्याची प्रथा महाराष्ट्रात लोकप्रिय झाली तेव्हाही हे वाङ्मय की करमणूक असा प्रश्न विचारला गेला होता. हसणारा श्रोता हा वाचकापेक्षा हलका, असे त्यामागचे गृहीतक होते. त्या काळी तो प्रश्न विचारणाऱ्यांचे वारसदार आज मोबाइलवर रागावलेले दिसतात.

मंडनाची बाजू लहान आहे. श्रुतलेखन म्हणजे ऐकून लिहिणे. शाळेत शिक्षक सांगतात आणि मूल लिहिते, कथेच्या शाळेत शिकणाऱ्याने सांगावे आणि सोबत्याने लिहावे. लेखनिकाला व्यासांची अट लागू असावी: जे कळले नाही ते लिहायचे नाही, तेथे ‘हे कोण म्हणाले?’ किंवा ‘ती तेव्हा कुठे होती?’ एवढेच विचारायचे. मग मजकूर मोठ्याने वाचावा, काटछाट मात्र सांगणाऱ्याने स्वतःच्या हाताने करावी, आणि पुढच्या दिवशी दोघांनी जागा बदलाव्यात. मोबाइलचे यंत्र या कामाला अपुरे आहे, कारण ते न समजताही लिहिते, ‘डोरा’ ऐकून ‘दोरा’ उमटवू शकते, आणि प्रश्न विचारत नाही. एवढ्यापुरता प्रतिपक्षाचा राग योग्य म्हणावा लागेल, जरी त्याने तो चुकीच्या कारणासाठी धरला असला तरी.

अडचण आहे ती सोबती मिळण्याची. जवाहरनगरसारख्या ठिकाणी एक जण पहिल्या पाळीला आणि दुसरा रात्रपाळीला असेल, तर दोघांची गाठ रविवारीच पडते, आणि आठवडाभर सांगायची राहिलेली कथा तोवर दहादा मनात बदललेली असते.