नकल बॉल शिकवा, पण उशिरा

सोयाबीन घरात आलं की बुलढाणा जिल्ह्यात चिखली, मेहकर, खामगावकडे टेनिस बॉलचे सामने रंगतात. हल्ली तिथल्या पोरांना नकल बॉल टाकायचा असतो. मोबाइलवर पाहून बोटं मुडपतात आणि चेंडू फुलटॉस जातो, नाही तर मध्येच आपटतो.

हा चेंडू मूळ बेसबॉलचा. पिचर तो नखं रुतवून किंवा बोटांची पेरं टेकवून धरतो आणि जवळजवळ न फिरवता सोडतो. बेसबॉलची शिवण चेंडूभर वळणं घेत जाते. चेंडू फिरत नसला की त्या शिवणीमुळे हवा कधी या अंगाला, कधी त्या अंगाला ढळते आणि चेंडू वाटेतच डुलतो. बॅटरचं सोडाच, तो झेलणाऱ्या कॅचरचीही तारांबळ उडते. विशेष म्हणजे या चेंडूला अंगातला जोर लागत नाही. अमेरिकी पिचर आर. ए. डिकीच्या उजव्या कोपरात एक महत्त्वाचा अस्थिबंधच नव्हता. वेगावर निभेना, तेव्हा त्याने नकल बॉल धरला आणि सर्वोत्तम पिचरला मिळणारा २०१२ चा साय यंग पुरस्कार मिळवला. त्या हंगामात तो ३७ वर्षांचा होता!

आपल्याकडे हा चेंडू गाजवला श्रीरामपूरच्या झहीर खानने, २०११ च्या विश्वचषकात. त्या स्पर्धेत त्याने २१ बळी घेतले, शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने सर्वाधिक. पण क्रिकेटमध्ये नकल बॉलचं काम निराळं. इथे शिवण मधोमध असते, चेंडू टप्पाही घेतो. डुलण्यावर विसंबता येत नाही. फसवायचं ते वेगाने. रनअप तोच, हात तितक्याच जोरात फिरतो, पण मागे बोटांचं बळ नसल्याने चेंडू रेंगाळतो आणि बॅट आधीच फिरून जाते.

हे साधायला तळहात भरलेला लागतो. लहान पोरगा चेंडू निसटू नये म्हणून हातच हळू फिरवतो, आणि फलंदाजाला सगळं आधीच कळतं. शिवाय ज्याचा नेहमीचा चेंडू टप्प्यावर पडत नाही, त्याच्या हळू चेंडूला कोण फसणार?

म्हणून प्रशिक्षकांना विनंती आहे, आधी सहाच्या सहा चेंडू टप्प्यावर टाकून घ्या, नकल बॉल नंतर. आणि जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत पोरांना सरावासाठी एक नीट खेळपट्टी आणि लेदर बॉल मिळालाच पाहिजे.